वखारींचं बेट आणि वळिवड्याच्या बराकी

अडत दुकानाच्या ओट्यावर ज्याचं बालपण गेलं, त्याला परक्या गावात आधी देऊळ दिसत नाही, गोदाम दिसतं. पोलंडमधल्या ग्दान्स्कला माझं तसंच झालं. पुतण्या तिथं नोकरीला आहे. त्यानं नेपच्यूनचं कारंजं, मोठं चर्च, दीपस्तंभ, समुद्रकिनारा असा दिवसभराचा बेत आखला होता. मी मोत्वावा नदीच्या पुलावर थांबलो तो थांबलोच. पलीकडं नदीच्या दोन फाट्यांमध्ये एक बेट आहे. त्या बेटावर एकेकाळी तीनशेहून जास्त धान्याच्या वखारी होत्या. माणसांची वस्ती नाही, घर नाही, चूल नाही, नुसती वखारींची रांग. आमच्या जयसिंगपूरची अख्खी बाजारपेठ उचलून नदीत ठेवावी आणि रात्री तिला कुलूप लावावं, असा तो प्रकार.

कुलूप म्हणजे खरोखरचं. १५७६ मध्ये एक नवा कालवा खणून त्या जागेचं पूर्ण बेट केलं गेलं, म्हणजे आग शहराकडून येऊ नये आणि चोर कुठूनच येऊ नये. आत दिवा-शेगडी न्यायला बंदी. संध्याकाळी दरवाजे लागले की राखणीची कुत्री मोकळी सोडत. वखारींना नंबर नव्हते, नावं होती, आणि दारावर त्या नावाची खूण असायची. ‘निळं कोकरू’ नावाची एक वखार महायुद्धातून वाचली आणि आज तिथं संग्रहालय आहे. हमालाला वाचता येत नसलं तरी कोकरू ओळखता येतं, हा हिशेब कुणाही व्यापाऱ्याला पटेल.

धान्य यायचं विस्तुला नदीतून. पोलंडच्या आतल्या भागातले जमीनदार कुळांकडून वेठीनं राय पिकवून घेत, वसंतात नदीला पाणी चढलं की तराफ्यांवर आणि सपाट बुडाच्या होड्यांत भरून खाली सोडत. ग्दान्स्कला माल उतरायचा, वखारीत जायचा, आणि तिथून डच जहाजांनी ॲमस्टरडॅमला. सोळाव्या-सतराव्या शतकात पश्चिम युरोपातल्या कितीतरी शहरांची भाकरी या बेटावरून जात होती. पण खरी गंमत पुढं आहे. शहराचा कायदा असा, की बाहेरून आलेल्यानं बाहेरून आलेल्याला माल विकायचा नाही. पोलिश जमीनदार आणि डच व्यापारी समोरासमोर उभे असले, तरी मधे ग्दान्स्कचा नागरिक हवाच. अडत्याशिवाय व्यवहार नाही ही युक्ती आमच्याच बाजारात निघाली असावी, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला, “काका, तुम्ही हितं सुटीवर आलाय का मार्केट यार्डात?”

बेटाच्या समोरच्या काठावर, घरांच्या रांगेतून नदीवर झुकलेला एक अवाढव्य लाकडी माळा दिसतो. दोन्ही अंगांना विटांचे गोल बुरूज आणि मधे हा काळा लाकडी सांगाडा. ही बंदरातली यारी, १४४२ ते १४४४ दरम्यान बांधलेली. आत माणसाच्या उंचीहून कितीतरी मोठी लाकडी चाकं आहेत. चाकाच्या आत माणसं उतरायची आणि चालत राहायची. ती चालली की चाक फिरायचं, दोर गुंडाळायचा आणि चार टनांपर्यंतचं ओझं अकरा मीटर वर जायचं. जहाजाची डोलकाठी उभी करायलाही हीच. शिवाय हा शहराचा दरवाजाही होता, म्हणजे खालून रहदारी आणि डोक्यावर पिंपं. दिवसभर चालून कुठंच न पोचणारी ती माणसं कोण होती, त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. ज्यांच्या मालासाठी ती चालली त्यांची नावं मात्र चर्चच्या फरशीवर कोरलेली आहेत.

आणि त्या व्यापाऱ्यांची घरं ‘लांब बाजारा’त आहेत. सोनेरी दरवाजातून आत शिरायचं, लांब गल्लीतून चालत यायचं, नगरसभागृहाच्या मनोऱ्याखाली रस्ता एकदम रुंद होतो आणि शेवटी हिरवा दरवाजा नदीवर उघडतो. पोलंडचा राजा शहरात यायचा तो याच वाटेनं, म्हणून दोन्ही बाजूंची जागा सर्वांत महाग. प्रत्येक घर रस्त्याच्या बाजूला जेमतेम तीन खिडक्यांएवढं रुंद, पण मागं खोलवर गेलेलं आणि वर चार-पाच मजले चढलेलं. आमच्या गल्लीतल्या जुन्या दुकानांची ठेवणही अशीच आहे, दर्शनी भाग चिंचोळा आणि माल मागं. फरक असा की ग्दान्स्कच्या व्यापाऱ्यानं तो चिंचोळा दर्शनी भाग म्हणजे आपली पतच मानली. माथ्यावर पायऱ्या-पायऱ्यांची किंवा नक्षीदार त्रिकोणी भिंत, तिच्यावर पुतळे, खाली रोमन सम्राटांचे मुखवटे, लॅटिन सुभाषितं. धान्य ॲमस्टरडॅमला गेलं आणि येताना तिथले वास्तुकार घेऊन आलं, असं म्हणायला हरकत नाही. हिरवा दरवाजा १५६८ ते १५७१ मधला. सोनेरी दरवाजा १६१२ ते १६१४ मधला, आणि तो बांधणारा अब्राहम व्हॅन डेन ब्लोके हा फ्लेमिश घराण्यातला. नेपच्यूनचं कारंजं १६३३ मध्ये सुरू झालं. या गावात पैसा नेमका कधी आला, हे तारखा लावून पाहिलं की कळतं.

  

मारियात्स्का गल्ली मला सगळ्यात आवडली. प्रत्येक घरापुढं कमरेएवढ्या उंचीचा दगडी ओटा, त्याला नक्षीचा कठडा, वर चढायला चार पायऱ्या. ओट्याच्या कोपऱ्यातून पावसाचं पाणी बाहेर टाकणारी दगडी मगरतोंडं. खाली तळघरांत आता अंबरची दुकानं आहेत, बाल्टिकच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या त्या पिवळ्या डिंकखड्याची. माणसं पूर्वी संध्याकाळी ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करत. मीही थोडा वेळ बसलो. कुणी माझी चौकशी केली नाही.

गल्लीच्या टोकाला सेंट मेरीचं चर्च. १३४३ ला सुरू झालं, १५०२ ला पुरं झालं. आमच्या शिरोळ तालुक्यात खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहे, काळ्या दगडाचं, ज्याच्या एका खांबापाशी अर्धा दिवस जावा असं. त्या सवयीच्या डोळ्यांना हे चर्च आधी ओकंबोकं वाटतं. बाल्टिकच्या किनाऱ्याला बांधकामाचा दगड नाही, म्हणून सगळं विटांत. ट्यूटॉनिक सरदारांचा मालबोर्कचा किल्ला वॉर्सॉहून येताना गाडीतून दिसतो, तोही विटांचाच. विटेवर कोरीव काम होत नाही, तेव्हा तिथल्या लोकांनी उंची आणि लांबी यांवर भिस्त ठेवली. शंभर मीटरहून लांब, आतून पांढरंशुभ्र, छतावर चांदण्यांसारख्या फासळ्या. एका वेळी पंचवीस हजार माणसं मावतात म्हणतात. त्या उन्हाळी सकाळी आत शंभरेक असतील, त्यांतली निम्मी पंधराव्या शतकातल्या ग्रहघड्याळापुढं फोन वर धरून उभी. घड्याळ बनवणाऱ्याचे डोळे काढले, म्हणजे त्यानं दुसरीकडं असं बनवू नये, ही गोष्टही तिथं सांगतात. ताजमहालाच्या कारागिरांचे हात इथं डोळे झाले, एवढंच.

बाहेर आल्यावर पुतण्यानं फोनवर एक फोटो दाखवला. वरून काढलेला. चर्चचा सांगाडा, मनोऱ्यांचे बुंधे, आणि त्यांच्या भोवती क्षितिजापर्यंत विटांचे ढीग. “हे मार्च १९४५,” तो म्हणाला. “आत्ता तुम्ही बघितलंत ते बहुतेक सगळं नंतरचं आहे.”

मला शहराचा थोडा राग आला. सकाळपासून तारखा लावत होतो, त्या सगळ्या उसन्या निघाल्या.

घडलं ते असं. शहर शतकानुशतकं पोलिश राजाच्या छत्राखाली होतं, पण बोलत होतं मुख्यतः जर्मन. १७९३ मध्ये ते प्रशियाकडं गेलं आणि डान्झिग म्हणून राहिलं. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, धड जर्मनीचं नाही आणि धड पोलंडचंही नाही असं ‘स्वतंत्र शहर’ झालं. १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे बंदराच्या तोंडावरच्या वेस्टरप्लाटेवर जर्मन युद्धनौकेनं तोफा डागल्या आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. त्याच सकाळी शहरातल्या पोलिश पोस्ट ऑफिसावरही हल्ला झाला. तिथले कर्मचारी दिवसभर लढले. जे शरण आले त्यांतल्या बहुतेकांना नंतर गोळ्या घातल्या. शेवटाला, १९४५ च्या मार्चमध्ये, लाल सेनेच्या वेढ्यात मुख्य शहराचा नव्वद टक्के भाग जळाला. वखारींचं बेटही जळालं.

मग वाद झाला, बांधायचं की नाही. काहींचं म्हणणं, ढिगारे तसेच स्मारक म्हणून ठेवा. काहींचं, हे तर जर्मन शहर होतं, आपण का बांधायचं. शेवटी ठरलं बांधायचं, पण कुठल्या सालचं? निवड झाली ती १७९३ च्या आधीच्या शहराची. प्रशियाच्या काळातली एकोणिसाव्या शतकातली भर गाळली. जुनी चित्रं आणि ढिगाऱ्यातले वाचलेले दगड जमवून पोलिश राजांच्या काळातले दर्शनी भाग उभे केले. मागं मात्र जुनं काहीच नाही. पूर्वी त्या चिंचोळ्या घरांच्या मागं दाटीवाटीनं खोल्या होत्या, त्या जागी आता मोकळी हिरवी अंगणं आणि वाळत घातलेले कपडे. दोन-तीन वेगळ्या दिसणाऱ्या घरांना आतून जिना एकच. सोळाव्या शतकाच्या मुखवट्यामागं १९५० च्या दशकातली कामगार वसाहत आहे. अंगणात शिरून मी बराच वेळ मागच्या खिडक्या बघत राहिलो. पुढच्यापेक्षा मला त्या जास्त खऱ्या वाटल्या. एका खिडकीत लोणच्याच्या बरण्या होत्या.

भिंती अशा परत आल्या. माणसं परत आली नाहीत. जर्मन लोक पळाले, उरलेल्यांना घालवून दिलं. त्यांच्या जागी पोलंडच्या इतर भागांतली माणसं आली, आणि पूर्वेकडचीही आली. युद्धानंतर पोलंडची सीमाच पश्चिमेला सरकवली होती. विल्नो लिथुआनियात गेलं, ल्वूफ युक्रेनमध्ये, म्हणजे दोन्ही सोव्हिएत संघात. तिथल्या पोलिश लोकांना गाडीत बसवून इकडं पाठवलं. ग्दान्स्कच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे सुरुवातीचे कितीतरी प्राध्यापक विल्नोचे होते. पुतण्याच्या घरमालकीणबाईंची आजी विल्नोचीच. आल्यावर मिळालेल्या घरात आधीच्या लोकांची भांडी मांडलेली होती, असं त्या सांगत होत्या.

‘पूर्वेकडचे पोलिश’ हे शब्द ऐकले आणि माझ्या डोक्यात आमच्या कोल्हापूरजवळचं वळिवडे वाजलं; युद्धकाळात तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती. पुतण्याला वळिवडे म्हणजे मालाच्या खरेदीला जायचं गांधीनगर एवढंच माहीत. त्याला दोष नाही, आम्ही शिकवलंच नाही.

त्याच संध्याकाळी ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्याच्या फाटकापाशी गेलो. १९७० च्या डिसेंबरात अन्नधान्याच्या भाववाढीविरुद्ध उठलेल्या कामगारांवर सरकारनं गोळ्या घातल्या होत्या. ऑगस्ट १९८० मध्ये तिथंच संप झाला, लेक वावेन्सा हा इलेक्ट्रिशियन पुढारी झाला, आणि एकवीस मागण्या लाकडी फळ्यांवर लिहून फाटकावर लावल्या. त्या फळ्या आता शेजारच्या गंजलेल्या लोखंडाच्या रंगाच्या संग्रहालयात आहेत. दरवर्षी जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावरची शेतकऱ्यांची ऊस परिषद पाहिलेल्या माणसाला मागण्यांची यादी वाचायची सवय असते. पहिलीच मागणी स्वतंत्र संघटनेची होती, पगाराची नव्हे, हे मला विशेष वाटलं. ३१ ऑगस्टला सरकारनं सही केली.

परत आल्यावर एका रविवारी जयसिंगपूर स्टेशनवरून कोल्हापूरची पॅसेंजर धरली. हे स्टेशन जुन्या लोकांच्या तोंडी अजून शिरोळ रोड आहे. गाव नंतरचं, रेल्वे आधीची. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग कोल्हापूर संस्थानानं बांधला, १८९१ मध्ये सुरू झाला. पुढं १९१७ मध्ये शाहू महाराजांनी या रुळाकाठी बाजारपेठ आखली आणि वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. सरळ रस्ते आणि नंबर दिलेल्या गल्ल्या. ग्दान्स्कचं बेट बघून आल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की आपणही व्यापारासाठीच जन्माला घातलेल्या गावात राहतो. आमच्याकडं दर्शनी भिंतीवर सम्राट नाहीत एवढंच.

हातकणंगले गेलं, रुकडी गेलं, पंचगंगेवरचा पूल खडखडला आणि वळिवडे आलं. १९४३ मध्ये याच रुळावरून, आमच्या स्टेशनावरून, पोलिश लोकांच्या गाड्या गेल्या असणार, कारण मिरजेहून कोल्हापूरकडं यायला दुसरा मार्गच नव्हता. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून त्यांना उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात टाकलं होतं. जर्मनी रशियावर उलटल्यावर सुटका झाली. पुरुष जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यात गेले. उरलेले कॅस्पियन ओलांडून इराणला आणि तिथून हिंदुस्थानात आले. अनाथ मुलांसाठी नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला छावणी उघडली. मोठी छावणी इथं झाली, कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत, सुमारे पाच हजार माणसांची. बालाचडीची उरलेली मुलंही शेवटी इथंच आली.

म्हणजे एकाच मुलखातली माणसं. १९४० मध्ये गाडीत भरली ती वळिवड्याला पोचली, आणि १९४५ नंतर भरली ती ग्दान्स्कला.

छावणीचा आराखडा करणाऱ्यानं डोकं फार चालवलं नव्हतं. लांबलचक कौलारू बराकी, ओळीत. कुटुंबाला दोन खोल्या, पुढं ओसरी, मधल्या भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या. शेजारच्या खोलीतला खोकला ऐकू येणारच. पण राहणाऱ्यांनी ओसरीपुढं बागा केल्या, वेल चढवले, चर्च उभारलं, बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत शाळा चालवल्या, दवाखाना, नाटकं, बालवीर पथकं. पाच वर्षं ऊसपट्ट्यात एक पोलिश गाव नांदलं. कुणी मराठी शिकलं. एका पोलिश मुलीनं कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केलं आणि ती इथंच संसाराला राहिली. बाकीच्यांना परत जायला घर नव्हतं, कारण ते घर आता परदेशात होतं. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी अमेरिकेला.

रिकामी फार दिवस राहिली नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकी मिळाल्या आणि त्या वस्तीचं गांधीनगर झालं. आज कोल्हापूर-सांगलीतला कुठलाही कापड दुकानदार घाऊक मालाला तिथंच जातो. मी स्टेशनवरून चालत गेलो. तीन मजली दुकानं, साड्यांचे गठ्ठे, होजिअरीचे खोके, दुचाकीवर उभी रचलेली पार्सलं. बराक शोधावी लागते. कुठं एखाद्या गल्लीत बसकी कौलारू ओळ दिसते, तिला पुढून शटर लागलेलं आणि मागून पत्र्याची वाढ केलेली. ग्दान्स्कात पुढचा भाग जुना आणि मागचा नवा होता. इथं पुढून सगळं नवं, आणि जुनं असलंच तर मागं.

स्मारकं आहेत. कोल्हापुरात महावीर उद्यानात १९९८ मध्ये पोलिश लोकांनी स्तंभ उभारला. २०१९ च्या सप्टेंबरात वळिवड्यातही एक स्तंभ झाला, तेव्हा या छावणीत वाढलेली काही वयस्कर मंडळी पोलंडहून आली होती. वॉर्सॉमध्ये कोल्हापूर संस्थानाच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी तिथं गेले तेव्हा आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत दोन दिवस वळिवडे पहिल्या पानावर होतं. संग्रहालयाची चर्चाही २०१९ पासून आहे.

माझं मत विचाराल तर स्तंभ पुष्कळ झाले, आता एक बराक उभी करावी. पण ग्दान्स्क बघून आल्यावर एक अडचण कळते. कुठल्या सालची? १९४३ ची केली तर सिंधी कुटुंबांची पंचाहत्तर वर्षं तशीच पुसली जातील, जशी तिथं प्रशियाची शंभर वर्षं पुसली. १९४८ ची केली तर पाहुण्यांना दाखवायचं काय? मला वाटतं, दोन खोल्यांपैकी एका खोलीत पोलिश घर मांडावं, दुसरीत सिंधी, आणि मधला तट्टा तसाच ठेवावा.

एका दुकानात पंचे घेता घेता हे मी मालकांना सांगितलं. सत्तरीचे गृहस्थ, वडील सिंधमधल्या शिकारपूरहून आलेले, स्वतःचा जन्म इथल्या बराकीतला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आईला त्या खोलीत भिंतीवर टांगलेलं एक लाकडी क्रूस सापडला होता आणि तिनं तो बरीच वर्षं काढला नव्हता, असंही सांगितलं. मग पंचे कागदात गुंडाळत विचारलं, “कल्पना चांगली आहे साहेब. पण या पेठेत आज दोन खोल्यांच्या जागेचा भाव काय चालू आहे, काही अंदाज आहे का तुम्हाला?”

मी अडत्याच्या घरचा. अंदाज होता.